बुंदीच्या मानेवरची खूण

डॉक्टर मॅडमनी एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरला आणि पेनाच्या टोकानं कमरेच्या जरा वरची एक जागा दाखवली.

"मणक्यांची रांग इथं तुटलीय बघा. मागचा मणका वर सरकलाय. स्पायनल कॉर्ड दबली असणार, कदाचित तुटलीच असेल."

स्पायनल कॉर्ड म्हणजे मज्जारज्जू. मेंदूचा निरोप पायांपर्यंत नेणारी जी दोरी पाठीच्या मणक्यांतून जाते, ती. हे मी नंतर बऱ्याच जणांना समजावून सांगितलं, म्हणून आता सरावानं लिहितोय. त्या वेळी मला फक्त 'तुटली' एवढंच ऐकू आलं.

मग त्यांनी चिमट्यानं बुंदीच्या मागच्या पायाचं बोट जोरात दाबलं. ती मान वळवून बघते का, कण्हते का, हे त्या बघत होत्या. बुंदी दाराकडं तोंड करून पडून राहिली.

"डीप पेन नाही," त्या म्हणाल्या. खोलवरची वेदनाही पोचत नसेल, तर ते पाय परत चालण्याची आशा फार थोडी, असा त्याचा अर्थ. या अवस्थेचं नाव पॅराप्लेजिया. कमरेखालचा भाग लुळा पडणं.

"लागलं कसं?"

मी तोंड उघडायच्या आत माझ्यामागं उभा असलेला याकूब रडायला लागला. "मॅडम, मेरीच गाडी थी. मेरे कू मालूमच नै पडा."

याकूब काळीपिवळी चालवायचा, म्हणजे कन्नड ते पिशोर माणसं भरून नेणारी जीप. माझ्याच शाळेत चौथीपर्यंत शिकलेला. आम्हाला शहरात तोच घेऊन आला होता. क्रांती चौकातल्या गर्दीतून तो एकेका गाडीला हात जोडत वाट मागत होता. मागच्या सीटवर पोत्यावर बुंदी होती आणि तिचं डोकं माझ्या बायकोच्या, सुमनच्या मांडीवर होतं.

डॉक्टरांनी बुंदीच्या मानेवरचे केस बाजूला केले. "आणि ही खूण कसली? चौफेर घासलंय. हात लावला की दुखतंय हिला."

"पट्ट्याची," मी म्हणालो. "जुनी आहे."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मानेचा एक्स-रे काढला नाही.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. वय अठ्ठ्याहत्तर. पिशोरच्या अलीकडं रस्त्यालगत आमचं शेतातलं घर आहे. बुंदीच्या सेवेबद्दल माझं शाळेत भाषण झालेलं आहे, शाल-नारळही मिळालेलं आहे. त्या भाषणात एकच गोष्ट खोटी होती आणि बाकी सगळं तिच्यावर उभं होतं. घरात लुळं पडलेलं जनावर सांभाळण्याची वेळ ज्यांच्यावर येईल त्यांना उपयोग व्हावा म्हणून मी हे लिहितोय. पण आधी ती गोष्ट.

बुंदी गावठी कुत्री होती. पांढऱ्या अंगावर बारीक पिवळसर ठिपके, म्हणून सुमननं ते नाव ठेवलं. तिला शेजारच्या शेळ्यांमागं पळायचा नाद होता. चावायची नाही, नुसती पळवायची. शेजाऱ्यानं दोनदा तक्रार केली, तेव्हा मी तिच्या गळ्यात लोढणं घातलं. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जनावराच्या गळ्यात साखळीनं लाकडाचा ओंडका अडकवतात. जनावर चालू शकतं, पण पळायला गेलं की ओंडका पुढच्या गुडघ्यांवर आपटतो. आमच्याकडं हुंदडणाऱ्या गुरांना घालतात. कुत्र्याला घातलेलंही मी लहानपणापासून बघितलं होतं, त्यात वावगं असं काही वाटलं नाही. घरात बाभळीचा एक तुकडा होता, तो एका गोऱ्ह्यासाठी तासलेला. तोच मी बांधला.

सुमन चिडली. "अहो, कुत्री हाय का बैल? शाळेतून पळणाऱ्या पोरांना बी असंच बांधत होता का तुमी?"

"चार दिवसांत शहाणी होईल."

"चार दिवसांत मरंल. आज काढा म्हणजे काढा."

हो म्हणालो. काढलं नाही.

त्याच दिवशी सकाळी मला कन्नडला जायचं होतं. मी जुनी व्हॅन फाटकातून मागं घेत होतो. बुंदी फाटकात सावलीला पडलेली असायची हे मला ठाऊक होतं. गाडीचा आवाज आला की ती उठून बाजूला व्हायची, हेही ठाऊक होतं. त्या दिवशीही ती उठली. ओंडका चाकाखाली गेला आणि साखळीनं तिची मान जमिनीला ओढून धरली. ती बाजूला होऊ शकली नाही. चाक कमरेवरून गेलं.

ती ओरडली तो आवाज मी लिहिणार नाही.

मी उतरलो. साखळी सोडली आणि लोढणं कडब्याच्या गंजीत खुपसलं. व्हॅन परत आत घेतली. हे सगळं मी तिची जखम बघायच्या आधी केलं.

तेवढ्यात याकूबची काळीपिवळी रस्त्यावरून गेली. सुमन मागच्या दारातून धावत आली, तेव्हा रस्त्यावर धूळ अजून उडत होती. "काय झालं? कुणी केलं?"

मी धुळीकडं बोट केलं. "काळीपिवळी," म्हणालो.

एवढा एकच शब्द. नाव घेतलं नाही, अशी समजूत मी पुढं कित्येक वर्षं स्वतःची घालत होतो. पण त्या वेळेला त्या रस्त्यानं जाणारी काळीपिवळी एकच होती, हे लहान पोरानंही सांगितलं असतं. आणि बुंदीची मान मोकळी बघून, लोढणं मी सकाळीच काढलं असं सुमन धरून चालली.

दुपारी याकूब आला. कुणीतरी त्याला पिशोरच्या स्टँडवर गाठलं होतं. त्याचा चेहरा उतरलेला होता. "गुर्जी, तुमच्या वळणावर गाडीला एक गचका बसला होता. मला वाटलं खड्डा. आल्ला कसम, मला वाटलं खड्डाच हाय."

तिथं खड्डा होताच. मी रोज बघत होतो.

सुमननं त्याच्याकडं पाठ केली. तो तसाच वाकला, बुंदीला पोत्यासकट उचललं आणि म्हणाला, "चला, गाडी भायेरच हाय. तुमची कुठं काढता." माझ्या व्हॅनचा क्लच गेलाय, असं मी सांगितलं. ती व्हॅन मी त्यानंतर पुन्हा चालवली नाही.

*

आता आजाराबद्दल.

ऑपरेशननं फार काही साधेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. हाड जुळेपर्यंत तिला लहान जागेत, हलू न देता ठेवायचं होतं. आम्ही पलंगाखालची जागा फळ्या लावून अडवली. दर तीन-चार तासांनी कूस बदलायची. बदलली नाही तर हाडाच्या टोकावर सतत दाब पडून कातडी सडते. त्याला प्रेशर सोअर म्हणतात. आधी केस जातात, मग लाल होतं, मग एक दिवस बोट जाईल एवढं भोक दिसतं. तिसऱ्या आठवड्यात आम्हाला ते दिसलं.

लुळ्या जनावराला लघवी स्वतः करता येत नाही. ती हातानं काढावी लागते. डॉक्टर त्याला ब्लॅडर एक्स्प्रेस करणं म्हणतात. पोटाच्या खालच्या बाजूला लिंबाएवढी किंवा मोसंबीएवढी पिशवी हाताला लागते. दोन्ही हातांनी ती हळूहळू मागं दाबायची. दिवसातून चारदा. सुमनला हे दोन दिवसांत जमलं. मला पंधरा दिवस लागले. लघवी गढूळ दिसली किंवा वास आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आम्ही एकदा वाट बघितली आणि तिला ताप चढला.

दर आठवड्याला शहरात जायचं. त्या दिवशी याकूब सकाळची फेरी सोडायचा. दवाखान्याच्या ओट्यावर आम्ही तिघं बसायचो. शेजारी कुणाच्या मांडीवर मांजर, कुणाच्या हातात पोपटाचा पिंजरा. याकूब घरून डब्यात उकडलेली कलेजी आणायचा आणि बुंदीला बोटानं भरवायचा. पहिले दोन आठवडे सुमन त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या आठवड्यात तिनं डब्यातली एक भाकरी काढून त्याच्यापुढं धरली.

"घे. तुझ्याकडून चुकून झालं रे. पण तू कबूल तरी केलंस. लोक तेवढं बी करत नाहीत."

मी चपलांकडं बघत होतो.

गावात मात्र इतकं सोपं गेलं नाही. कुत्रं उडवून जो थांबत नाही तो माणूस उडवूनही थांबणार नाही, असं लोक म्हणाले. काहींनी त्याच्या धर्मावरून जे बोलायचं ते बोलून घेतलं. माझ्या ओसरीवर बसून, माझा चहा पीत बोलले. मी कप उचलून आत नेले. बायका पोरांना घेऊन दुसऱ्या जीपसाठी थांबू लागल्या.

*

दोन महिन्यांनी डॉक्टर म्हणाल्या, "आता गाडी देऊन बघू."

दवाखान्याच्या मागच्या खोलीत भिंतीला अशा गाड्या टांगलेल्या होत्या. दोन चाकं, हलकी नळी, कंबर ठेवायला कापडाची झोळी आणि छातीला बांधायचे पट्टे. सगळ्या दान आलेल्या. कुणाचं कुत्रं गेलं की घरचे गाडी धुऊन परत आणून द्यायचे आणि ती दुसऱ्याला मिळायची. त्या दवाखान्याची एक रीत होती. गाडी नेताना दाराशी दोरीनं बांधलेल्या वहीत मालकानं स्वतःच्या हातानं लिहायचं. जनावराचं नाव, गाव आणि 'कसं लागलं'. मागची पानं मी चाळली. 'गच्चीवरून पडला.' 'कुणीतरी काठी मारली.' 'माझ्या रिक्षाखाली आला, माझी चूक.' हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. अक्षर गिचमिड होतं, शुद्धलेखन चुकलेलं होतं.

मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'काळीपिवळीची धडक.'

बुंदीला मिळालेली गाडी जरा मोठ्या कुत्र्याची होती. याकूबनं नळी कापून आणली, चाकाला सायकलचं बेअरिंग बसवलं. माप कसं घ्यायचं ते त्याला पाठ झालं होतं. खांद्यापासून कमरेपर्यंत लांबी, उभ्या पायाची उंची, छातीचा घेर. गाडी उंच झाली तर सगळा भार पुढं, मानेवर आणि पुढच्या पायांवर जातो. आधी पाच मिनिटं, मग दहा. गाडीत जनावराला बसता येत नाही, म्हणून कधीही बांधून सोडून जाऊ नका.

पहिल्या दिवशी बुंदी जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशी याकूब अंगणाच्या त्या टोकाला डबा उघडून बसला. "आ जा, बुंदी. आ जा मेरी माँ." ती एक पाऊल आली. चाकं करकरली. ती दचकली, मागं बघितलं आणि मग एकदम पळत सुटली. थेट याकूबच्या अंगावर. सुमन हसत हसत रडत होती. याकूबनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

सात महिने ती चालली. शेळ्यांमागंसुद्धा गेली. शेजारी म्हणाला, "गुर्जी, आता हिला चाकं आल्यात, आता तर आमची शेळी गेलीच." शाल-नारळ त्याच काळातलं.

पण पट्टा बांधताना ती कधी कधी कळवळायची. पट्टा रुततोय असं आम्हाला वाटायचं. याकूबनं त्याला लोकर शिवली. मग मान खाली घालून चालायला लागली. मग पुढचा डावा पाय घासायला लागला.

डॉक्टरांनी या वेळी मानेचा एक्स-रे काढला. पेनाचं टोक एका जागी धरून तो पुन्हा निरखला.

"सर्व्हायकल, म्हणजे मानेचे मणके. इथं जुनी इजा आहे. पहिल्या दिवसापासूनची. गाडीमुळं सगळा भार पुढं आला आणि ती वाढत गेली. आधी कळलं असतं तर मान पूर्ण बरी होईपर्यंत मी गाडी दिलीच नसती. गुरुजी, अपघातात हिच्या मानेला ओढ बसली होती का? गळ्यात काही अडकलं होतं?"

सांगायची ती दुसरी वेळ होती. सुमन माझ्या डाव्या बाजूला, याकूब उजव्या बाजूला.

"माहीत नाही," मी म्हणालो. "मी बघितलं नाही."

याकूब म्हणाला, "माझ्या बंपरला गळा अडकला आसंल, मॅडम."

पिंजरा, औषधं, मानेला आधार, सगळं केलं. दीड महिन्यात पुढचे दोन्ही पाय गेले. शेवटी ती फक्त डोळे हलवायची. डॉक्टरांनी यूथनेशियाबद्दल सांगितलं. आधी गुंगीचं, मग हृदय थांबवणारं इंजेक्शन देऊन जनावराला यातनांतून सोडवणं. सुमनला बघवेना, ती ओट्यावर जाऊन बसली. बुंदीचं डोकं याकूबनं धरलं. तिच्या कानात तो काय म्हणत होता, ते मला ऐकू आलं. तो माफी मागत होता.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना एवढंच सांगतो, त्या क्षणी जनावराजवळ थांबा. मी थांबलो होतो, पण भिंतीजवळ.

*

त्यानंतर याकूबनं काळीपिवळी विकली. स्टिअरिंग हातात धरवत नाही म्हणाला. कन्नडला पंक्चर काढायचं दुकान टाकलं. दर ईदला शिरखुर्मा घेऊन सुमनकडं यायचा. गेल्या वर्षी सुमन गेली. तिला मी सांगितलं नाही. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात ती शुद्धीवर होती, बोलत होती, वेळ होता. मी तिला मोसंबीचा रस पाजत राहिलो.

तिचं वर्षश्राद्ध झाल्यावर कडब्याची जागा मोकळी करायला गडी लावला होता. त्यानं लोढणं आणून ओट्यावर ठेवलं. "गुर्जी, हे कोण्या बैलाचं?" उंदरांनी कुरतडलेलं, साखळी गंजलेली. दोन दिवस ते तिथंच होतं. तिसऱ्या दिवशी मी एसटीनं शहरात गेलो.

डॉक्टर मॅडमनी जुनी वही शोधून दिली. मी माझी ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'माझ्या गाडीखाली. गळ्यात मी बांधलेलं लोढणं होतं. डॉक्टरांपासून लपवलं.' त्यांनी ते वाचलं. चष्मा काढला.

"मी मानेबद्दल दोनदा विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"त्या ड्रायव्हरला सांगितलंत?"

"नाही."

"मग आधी इथं कशाला आलात?"

खरं होतं. वहीला तोंड दाखवणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी कन्नडला गेलो. याकूब ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. दाढी पांढरी झालेली. "गुर्जी! या या. चा सांगू?" त्यानं स्टूल फडक्यानं पुसलं. मी उभ्या उभ्याच सांगितलं. व्हॅन, फाटक, लोढणं, धूळ. मधे थांबलो असतो तर पुढं बोललो नसतो.

त्याचे हात पाण्यातच राहिले.

तो म्हणाला, "म्हंजे त्या दिवशी माझ्या गाडीखाली काय आलंच नव्हतं?"

"नाही."

"खड्डाच होता?"

"खड्डाच होता."

त्यानं स्वतःच्या उजव्या पायाकडं बघितलं. "एसटीत बसलो तरी तुमच्या वळणावर माझा पाय दाबतो, गुर्जी. ब्रेक नसतो, तरी दाबतो. घरचे हासतात."

मी हात जोडले. त्यानं माझ्या हातांकडं बघितलं नाही.

"काकूला ठाव होतं?"

"नाही. ती तुझंच समजून गेली."

"त्यांनी मला माफ केलं होतं," तो म्हणाला. "न केलेल्या चुकीबद्दल." मग त्यानं ट्यूब पाण्यातून काढली, भोकापाशी खूण केली. "मला सांगून काय उपेग? ज्यांनी ऐकलं व्हतं त्यांना सांगा. जावा आता, तुमची गाडी चुकंल."

चहा आला होता. तो तसाच राहिला.

म्हणून हे लिहिलं आहे. बुंदीला अकरा महिने सांभाळणाऱ्या, तिची गाडी मापात बसवणाऱ्या, तिला पळायला लावणाऱ्या माणसाचे उपकार मानायला मला दुसरी रीत उरलेली नाही. याच्या प्रती मी पिशोरच्या स्टँडवर, शाळेत आणि माझ्या ओसरीवर बसून चहा प्यायलेल्या प्रत्येकाच्या घरी देणार आहे. डॉक्टर 'कसं लागलं' विचारतील तेव्हा खरं सांगा, इलाज त्यावरच ठरतो. यापेक्षा मोठा सल्ला माझ्याकडं नाही.

त्या सकाळी याकूबची काळीपिवळी आमच्या वळणावरून गेली, तेव्हा बुंदी माझ्या फाटकात, माझ्या गाडीमागं आधीच पडलेली होती. त्याच्या चाकाखाली फक्त खड्डा आला होता.